तोकुझोने बांधलेली गाठ

टोफूवाल्या तोकुझोला आयुष्यात एकच हौस होती: शरदातल्या मिरवणुकीत एकदा तरी तादाकियो व्हायचं. गावावर पूर्वी राज्य करणाऱ्या निरासावा घराण्यातले सहा नामांकित सामुराई दरवर्षी चिलखत घालून फिरतात, म्हणजे आपलेच दुकानदार फिरतात. तादाकियो हा मूळपुरुष. शेवटच्या लढाईला निघताना त्याने शिरस्त्राणाची दोरी बांधली आणि उरलेली टोकं कापून टाकली. अर्थ एवढाच, की जिवंतपणी ही गाठ आता सुटायची नाही.

तोकुझोच्या नशिबी मात्र बावीस वर्षं मोरित्सुनेचं सोंग; मोरित्सुने म्हणजे न लढताच शत्रूला किल्ला देऊन मोकळा झालेला तादाकियोचा पणतू. पोरं त्याच्यावर चेस्टनटची टरफलं फेकायची.

आणि तादाकियो? शेजारचा सोया सॉसवाला मासुजिरो. तो दिसला की म्हाताऱ्या हात जोडायच्या. तोकुझोची सख्खी बायको तोमिएसुद्धा म्हणायची, "काही म्हणा, शिरस्त्राण शोभतं हो त्यांना." मग तोकुझोच्या पोटात रात्रभर भिजलेल्या सोयाबीनसारखं काहीतरी फुगत राहायचं.

मिरवणुकीनंतर देवळातल्या पंगतीत पुढच्या वर्षीची नावं ठरत. तिथे मासुजिरोची फजिती झाली की काम फत्ते, असा तोकुझोने हिशेब बांधला. त्याची दोरी बांधायचं काम तोकुझोकडेच असे. यंदा त्याने तागाची दोरी चांगली भिजवून आणली, हनुवटीखाली करकचून आवळली आणि कात्रीने टोकं उडवली.

"हे काय केलंत?" मासुजिरो दचकला.

"तादाकियोने कापली, मग तुम्ही काय कमी आहात?"

मासुजिरोची छाती आणखी दोन बोटं पुढे आली.

दुपारच्या उन्हात दोरी वाळली आणि आखडली. पंगतीत भाजलेली ईल मासळी आली, साकेची दारू आली, पण मासुजिरोचा जबडा काही उघडेना. तोकुझो मान खाली घालून मिटक्या मारत वाट बघत होता. आता हा रडकुंडीला येणार, गाठ सोडा म्हणणार.

मासुजिरो हूं की चूं करेना. आधी छाती काढली होती ना, आता कुठल्या तोंडाने मागणार? तेवढ्यात समितीचे अध्यक्ष ओकिमोतो यांची नजर कापलेल्या टोकांवर गेली. म्हातारा ताटावरून उठला आणि चक्क गुडघ्यांवर बसला. साठ वर्षांत असा तादाकियो पाहिला नाही, म्हणाला. अन्नाला शिवत नाही, गाठ सोडत नाही. मासुजिरो आहे तोवर दुसऱ्या कुणाचं नावही निघणार नाही, हे तिथेच ठरलं. सगळी पंगत वाकली. तोकुझोलाही वाकावं लागलं.

वर आणखी तोमिए उठली आणि मासुजिरोच्या ओठांच्या फटीतून चमच्याने मऊ टोफू भरवायला लागली. टोफू तोकुझोच्याच दुकानातला.

संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे गाठ सोडायचा मानही बांधणाऱ्याचाच; यंदा ती कापावीच लागली. कात्री चालली, मासुजिरोने जबडा दोनदा हलवून पाहिला आणि तोकुझोच्या कानाशी वाकला.

"पुढल्या वर्षीही तुम्हीच बांधा हं, तोकुझोराव. फक्त दोरी कोरडी आणा."