खुनी शिंपीच राहील

माझ्या वहिनीने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. घेतला असेल तर फक्त माझा, आणि तोही बटणं वाकडी लावली म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली लोक आमच्या दुकानात शिरताना बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवतात.

दुकान म्हणजे दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल आणि पडद्यामागे माणूस जेमतेम वळेल एवढी जागा. नवे कपडे आम्ही शिवत नाही. सैल असेल ते आत घेतो, घट्ट असेल ते सोडतो, लांब असेल ते दुमडतो. खरं तर हे दुकान दादा चालवणार होता. पण माझ्या या भावाला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चिकटला आणि मशीनवर वहिनी बसली. मी इस्त्री आणि तोंड, दोन्ही चालवते. नणंद-भावजयीचं कधी पटत नाही म्हणतात. आमचंही पटत नाहीच, पण आमच्यातलीला बाहेरच्याने बोललेलं आम्ही खपवून घेत नाही.

तर या बाईने पन्नाशी उलटल्यावर कादंबरी लिहिली. काम थांबलं की मोबाइल काढायचा आणि अंगठ्याने टाइप करत बसायचं. मला वाटायचं, माहेरच्यांशी गप्पा चालल्यात. पुस्तक छापून आलं तेव्हा कळलं की ती माणसं मारत होती.

कादंबरीतला खुनी आमच्याच धंद्यातला आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. बोलायला गोड, कामाला चोख. तो एकेक गिऱ्हाईक हेरतो आणि त्याचे कपडे दर खेपेला नखभर आत घेतो. माणसाला वाटतं आपण सुजतोय, आपल्याला काहीतरी झालंय. घरचे म्हणतात, तुझ्या डोक्यात बिघाड आहे. असा माणूस स्वतःवरचा विश्वास गमावून बसला, कुणाशी बोलेनासा झाला, की मास्तर त्याला गाठतो. सहा जण असे जातात. सातवी वाचते, कारण कोट नुसतं बटण लावायला देण्याआधी ती आतल्या शिवणीवर लाल दोऱ्याचा एक आडवा टाका घालून ठेवते. कोट परत येतो तेव्हा तो टाका तुटलेला असतो.

मी ते पुस्तक दोन बैठकांत संपवलं आणि वहिनीकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी या बाईच्या शेजारी बसून चहा पितेय!

मग वाचकांची मतं यायला लागली. समोरचा चष्मेवाला म्हणाला, "खुनी कोण ते मला पहिल्याच प्रकरणात कळलं." मी विचारलं, "मग पुढची तीनशे पानं कशाला वाचलीत?" म्हणे, खात्री करायला. निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि चांगल्या घरातल्या बाईच्या डोक्यात असलं येतंच कुठून, असं विचारून गेल्या. वहिनी त्यांच्या नातीच्या स्कर्टची चेन बसवत होती. "चांगल्या घरांतूनच येतं, बाई," ती म्हणाली.

इथवर मजा होती. पण मग लोक आपापले कपडे तपासायला लागले. एक काका पँट घेऊन आले आणि काउंटरवर आपटून म्हणाले, "मागच्या महिन्यात होत होती, आता बटण लागत नाही. काय केलंत?" वहिनीने पँट उलटी करून शिवण त्यांच्या नाकासमोर धरली. "टाका जुनाच आहे, काका. आतला ऐवज वाढलाय." मी हसले ते चुकलंच. काका परत आले नाहीत आणि त्यांच्या ओळखीतलेही आले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आमच्या गल्लीत पोटाच्या मनात चांदणं पडलं होतं. दोन महिन्यांत कपडे टांगायचा दांडा अर्धा रिकामा दिसायला लागला.

दादाचं तर ऑफिसात जगणं मुश्कील झालं. डबा उघडला की कुणीतरी विचारायचं, "आधी मांजराला चाखवलंस ना?" एका संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला.

"दुसरी आवृत्ती निघतेय ना? मग खुन्याचा धंदा बदल. दाताचा डॉक्टर कर. त्यांना लोक तसेही घाबरतात."

"दाताच्या डॉक्टरांशी माझं काही भांडण नाही," वहिनी म्हणाली.

"आणि दुकानाशी आहे? प्रकाशकाशी बोललोय मी. तो तयार आहे. रविवारी वाचनालयात तुझा कार्यक्रम आहे, तिथे सांगून टाक. लोकांच्या मनातलं निघून जाईल."

वहिनीने पाण्याच्या ग्लासवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, मास्तरने सहाच मारले," मी म्हटलं, "सातवा खून तू करतोयस, तोही जेवता जेवता." तो म्हणाला, तुला काय जातंय बोलायला. आणि ते खरं होतं. दुकान बंद पडलं तर उत्तर वहिनीलाच द्यावं लागणार होतं. तरी मी ताटावरून उठले, आणि उठल्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

रविवारी वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या. खून म्हटलं की नाकं मुरडणारेही पहिल्या रांगेत येऊन बसतात. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इस्त्री मीच केली होती, कॉलर मुद्दाम कडक ठेवून. लोकांनी नेहमीचंच विचारलं. वहिनीने नेहमीचीच उत्तरं दिली, खालच्या मानेने, आणि ते मला बघवत नव्हतं.

मग मागून एक बाई उठली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. तिला प्रश्न विचारायचा नव्हता.

"आमच्या घरात वस्तू हलायच्या," ती म्हणाली. "किल्ली, गोळ्या, माझा चष्मा. नवरा म्हणायचा, तूच ठेवतेस आणि तूच विसरतेस. डॉक्टरकडे नेलं त्याने मला. मलाही वाटायला लागलं, गेलं आपलं डोकं. तुमचं पुस्तक वाचलं आणि माझ्या कपाटाच्या दोन दारांना मिळून एक दोरा चिकटवला. लाल नव्हता घरात, पांढरा लावला. कुणाला सांगितलं नाही. मी दिवसभर बाहेर होते. घरी तो एकटाच होता. आले तर दोरा तुटलेला. आता मी बहिणीकडे राहते. एवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली. ग्रंथपाल बाईंनी घाईने हातातल्या कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. "दुसऱ्या आवृत्तीत काही बदल करणार आहात, असं ऐकलं?"

दादा सावरून बसला. वहिनीने मान वर केली. इतक्या वर्षांत मी तिला गिऱ्हाईकांसमोर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "खुनी शिंपीच राहील. दोऱ्याची भाषा त्यालाच येते आणि त्याला पकडणारीलाही. दाताच्या डॉक्टरकडे दोरा कुठून आणू? एक टाका बदलणार नाही. ज्यांना आमच्या दुकानाची भीती वाटते त्यांनी कपडे देण्याआधी आत खूण करून आणावी. मला राग येणार नाही. उलट बरं वाटेल."

आणि तिने दादाकडे बघितलं. दादाने कॉलरमध्ये बोट घातलं. घरी जाताना एवढंच म्हणाला, "डबा उद्या जास्त भर. ऑफिसातल्यांनाही चाखवतो, आधी त्यांनाच."

दांडा अजून पूर्ण भरलेला नाही. काका दुसऱ्या दुकानात जातात आणि तिथेही त्यांची पँट घट्टच होते, असं ऐकते. काही जण खरंच आत खूण करून कपडे आणतात आणि आम्हाला सापडू नये म्हणून तोंड गंभीर ठेवतात. वहिनी प्रत्येक खूण जपून काम करते.

परवा वाचनालयातली ती बाई आली. करड्या रंगाचा कोट काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "कमरेत आत घ्यायचाय. सैल होतोय मला."

वहिनीने गळ्यातली टेप काढली आणि पडदा बाजूला केला.

"टेप नको," बाई म्हणाली. "दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं. मी मोजलंय."

वहिनीने टेप परत गळ्यात टाकली, खडूने तेवढीच खूण केली आणि मशीनवर बसली.