जळगावची जपानी प्रश्नमंजूषा आणि न मिळालेला माइक

आधीच सांगते, ही पोस्ट रागात लिहिते आहे. माझी भाची प्रज्ञा साक्रीला राहते, नर्सिंग करते आणि दोन वर्षं मोबाइलवरून जपानी शिकते. जपानला नोकरीला जायचं तिच्या मनात आहे, पण जपानी माणसाशी ती एक वाक्यही बोललेली नव्हती. जळगावात भारत-जपान मैत्रीची प्रश्नमंजूषा जाहीर झाली. जिंकणाऱ्याला जपानहून आलेल्या शिक्षिकेशेजारी बसून जेवण! म्हटलं, चल, मी येते.

सकाळच्या एसटीने धुळे, तिथे गाडी बदलून पारोळा-एरंडोलमार्गे जळगाव. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. पारोळ्याला शेवभाजी खाल्ली. तिखट बेताचं सांगा, मी सांगितलं नाही आणि एरंडोलपर्यंत पाणी पीत राहिले. प्रज्ञा खिडकीशी बसून जपानीत स्वतःची ओळख पुटपुटत होती.

कार्यक्रम पाचचा. सव्वासातपर्यंत नुसते सत्कार! अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, मांडववाल्याचासुद्धा. पाहुण्या शिक्षिका साचिकोबाईंना दोन शाली पांघरल्या. त्या उकाड्यात त्या बिचाऱ्या घामाघूम होऊन हसत बसल्या होत्या. वीस प्रश्नांचे मग पाच झाले.

शेवटच्या प्रश्नाला प्रज्ञा एका काकूंशी बरोबरीत होती. सुशी कशाने खातात? ती म्हणाली, काड्यांनी आणि हातानेही. निवेदकाने उत्तर चूक ठरवलं. त्यांच्या कागदावर फक्त काड्या होत्या.

"सर, पाहुण्यांनाच विचारा ना," प्रज्ञा म्हणाली.

"पाहुण्यांना त्रास द्यायचा नसतो," निवेदक म्हणाले आणि निकाल लावून मोकळे झाले. पाहुण्या दोन हातांवर बसलेल्या, आणि जपानबद्दल कागदाला विचारायचं! माझं डोकंच फिरलं. वर जिंकलेल्या काकूंनाही पाहुण्यांचं टेबल मिळालं नाही. तिथे आयोजक बसले.

जेवणानंतर साचिकोबाई हात धुवायला एकट्याच आल्या. प्रज्ञाने धीर करून ओळख सांगितली. बाईंनी ओले हात तसेच ठेवून तिचा हात धरला, भराभर काहीतरी विचारलं, प्रज्ञा अडखळत उत्तरं देत राहिली. मग त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. जपानी अक्षरांत लिहिलेलं मराठी भाषण होतं ते. बेसिनपाशी उभ्या राहून त्यांनी ते आम्हा दोघींना सगळं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी साक्रीला पोचलो. भावाने निकाल विचारला, तेव्हा मी तावातावाने हुकलेल्या गुणाबद्दल बोलू लागले. प्रज्ञाने मला घरच्या अहिराणीत थांबवलं.

"गुनचं जाऊ दे, आत्या. ती बाई महिनाभर मराठी पाठ करीसन उनी, अन् तिले कोनी बोलूच दिन्हं नही."

आयोजकांना मी खरमरीत पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींवर थांबले. त्या सगळ्या सत्कारांना दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या मीही वाजवल्या होत्या.