धनलालभाऊंची हाक

आमच्या घरी देव्हाराच नाही, तर भूतबित लांबच राहिलं. लहानपणी कोणी चकव्याची गोष्ट सुरू केली की बाबा म्हणायचे, "पुरावा दाखव, नाही तर गप बस." मीही त्यांचीच लेक. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून आजवर हसतच आले. आता तुम्ही माझ्यावर हसा... माझी हरकत नाही.

गोंदिया जिल्ह्यातलं दरेकसा. स्टेशनवर उतरलं की समोर डोंगर अन् जंगल. तिथल्या वानरांच्या एका टोळीमागे मी एका वन्यजीव संस्थेसाठी सात-आठ वर्षं फिरले. कोण व्याली, कोण मेली, काय खाल्लं, कुठल्या झाडावर झोपली, हे सगळं रोज टिपायचं. लोक विचारायचे, "काऊन वो म्याडम, दुसरा कामधंदा नाही का?" खरं तर हाच धंदा होता, आणि त्यातून जंगल वाचेल असं मला मनापासून वाटायचं. वेडी होते.

माझ्या सोबतीला धनलालभाऊ. दरेकशाचेच, पन्नाशीचे, फाटक्या तोंडाचे. आमची एक पद्धत होती – टोळीजवळ जाताना लपून जायचं नाही, लांबूनच आवाज द्यायचा, म्हणजे त्यांना कळतं की रोजचंच माणूस आहे. ज्याची त्याची हाक वेगळी. माझी नुसती "हूऽऽ". धनलालभाऊ जिभेने दोनदा टकटक करायचे आणि मग "ओऽऽ माय, येऊन राहिलो वोऽऽ". शेवटचा "वो" हमखास फाटायचा. ती हाक ऐकून वानरं मान वर करून बघत आणि पुन्हा पाला ओरबाडायला लागत. जागचं कोणी हलत नसे.

गेल्या पावसाळ्यात धनलालभाऊंना मण्यार चावली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं. आमच्या संस्थेचा शोकसंदेश आला, त्यात नाव "धनराज". असो.

मग धान कापणीच्या दिवसांत गावाने तक्रार केली. वानरं तूर खातात, घरांच्या छपरांवरची कवेलू फोडतात. तक्रार काही खोटी नव्हती. वानरं पकडून दूर सोडायचं ठरलं आणि बाहेरचा एक ठेकेदार आला. त्याला टोळी शोधावी लागलीच नाही. सकाळी ती कुठे उतरते, कुठल्या मोहाच्या झाडाखाली बसते, ही आमची सगळी माहिती आमच्याच संस्थेच्या साहेबांनी त्याला देऊन टाकली होती. संवर्धनासाठी गोळा केलेली माहिती बरं का!

त्या सकाळी मी धावतपळत पोचले, तेव्हा मोहाखाली पिंजरे मांडलेले, आत हरभरे आणि केळी. चिमी आधीच अडकली होती. चिमी म्हणजे टोळीतली तरुण मादी, नाव धनलालभाऊंनीच ठेवलेलं. पोटाला पिल्लू चिकटलेलं. बाकीची टोळी पिंजऱ्याभोवती गोळा व्हायला लागली होती. ठेकेदार खूश. "एक फँसी ना मॅडम, तो बाकी छोड़ के नहीं जाते." खरंच होतं ते. मी हातापाया पडले, भांडले, शिव्यासुद्धा दिल्या. त्याने परवानगीचा कागद दाखवला आणि मला बाजूला केलं. सगळी टोळी जाणार हे मला दिसत होतं. एक वानर तर दुसऱ्या पिंजऱ्यात अर्धं शिरलं होतं.

आणि वरून डोंगरातून टकटक आली. दोनदा.

"ओऽऽ माय, येऊन राहिलो वोऽऽ..."

शेवटचा "वो" फाटलेला.

टोळीने एकदम वर पाहिलं, आणि केळी टाकून, चिमीला टाकून, सगळी वानरं सरळ डोंगर चढून गेली. ज्या हाकेला आजवर एकही हललं नव्हतं, त्या हाकेला!

"कौन चिल्ला रहा है रे ऊपर?" ठेकेदार ओरडला. म्हणजे त्यानेही ऐकली. त्याची माणसं वर पळाली, मागून मीही गेले. वर कोणी नव्हतं. गुराखी नाही, लाकडं तोडणारी बाई नाही. सारं गाव कापणीला धानाच्या बांधीत उतरलं होतं.

फोनवर वाजवली असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण वाजवणार काय? आम्ही वानरांचा खोकलासुद्धा रेकॉर्ड करून जपून ठेवला आहे, धनलालभाऊंचा आवाज एकदाही नाही. त्याला कोण माहिती म्हणणार?

खाली आले तोवर चिमीचा पिंजरा गाडीत चढला होता. ती ओरडत नव्हती. मला बघून शांत बसली होती. रोजचंच माणूस ना! तिला कुठे सोडलं, मला कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी धनलालभाऊंच्या घरी गेले. वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, रडतील. त्यांनी सूप आपटलं.

"जित्ता होता तवा वांदरं, आन् मेल्यावरबी वांदरंच! मी रोज उंबऱ्यात बसून राहतो, मले नाही देल्ली एक हाक!"

मी चप्पल घालून निघाले.

पंधराएक दिवसांनी वरच्या कड्याजवळ टोळी दिसली. आनंदाने मी लांबूनच माझी नेहमीची "हूऽऽ" दिली. तर नर फांदीवर ताठ उभा राहिला आणि खॅक्... खॅक्... बिबट्या दिसल्यावर ओरडतात तसा. आयांनी पिल्लं पोटाशी ओढली. "अरे, मी आहे!" मी वेड्यासारखी ओरडले. टोळी कड्यापलीकडे गेली.

त्या सकाळी हाक कोणी दिली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुरावा तर नाहीच. पण ज्याने कोणी दिली, त्याने त्यांना माणसांपासून दूर बोलावलं... आणि त्या माणसांत मीही होते.