वेगळी धुतलेली काच

"पावडर तीच. पाणी तेच. पद्धत तीच. फरक फक्त हाताचा."

सरांनी माझा फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला होता. आम्ही संशोधनाचे सगळे विद्यार्थी टेबलाभोवती उभे. ऋतुजाचा आकडा पुस्तकातल्या आकड्याला लागून आला होता. माझा निम्म्याहून खाली. सरांनी फ्लास्क बघितला, मग माझे हात बघितले. सावकाश बघितले.

"काही हातांना पाणी मानवत नाही," ते म्हणाले. "पिढ्यांचा प्रश्न असतो."

सगळे हसले. ऋतुजाही हसली. मग सरांनी प्रयोगशाळेच्या मामांना हाक मारली. "मामा, हे बेसिनमध्ये नका ओतू. बाहेर ओता."

विषारी होतं म्हणून नव्हे. ऋतुजाच्या फ्लास्कमध्ये तेच विष होतं आणि ते बेसिनमध्येच गेलं. माझं तेवढं मामा मागच्या दारानं नालीत ओतून आले. मी तिथंच उभी होते. काही बोलले नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि त्यांनाही नाही.

परभणीतलं कॉलेज. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक म्हणतात, तिथं तसं असेल, आमच्याकडं नाही. मी चुडाव्याची. जात मातंग. बा रेल्वेत गँगमन, आई दुसऱ्याच्या रानात मजुरीनं जाते. आमच्या घरात पीएच.डी. हा शब्द नीट म्हणता येणारी मी एकटी. आणि ती पदवी सरांच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, एका सहीवर अडकलेली. सही असेल तर मी डॉक्टर, नसेल तर पाच वर्षं पॅसेंजरनं ये-जा केलेली एक बाई.

सर बोरीकडचे. घरची बागायत, परभणीत बंगला. चौदा एप्रिलला कॉलेजात भाषण सरांचंच. समतेवर असं बोलायचे की माझ्याही डोळ्यात पाणी यायचं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण तेव्हा मी तो पोटभर जेवत होते.

माझं काम सांगायला सोपं आहे. पेरणीआधी बियाण्याला एक पांढरी भुकटी चोळतात, बुरशी लागू नये म्हणून. ती पाण्यात किती विरघळते ते मोजायचं. आईच्या बोटांना ती भुकटी दर हंगामात लागते, म्हणून मी हाच विषय मागून घेतला होता. साखर किती विरघळते ते मोजणं अवघड नाही. पाण्यात टाकत जायचं, हलवत राहायचं, खाली गाळ उरला की वरचं पाणी तपासायचं. वेळ कितीही लागो. पण ही भुकटी पाण्यात टिकत नाही. विरघळते आणि विरघळता विरघळता मोडते, तिचं दुसरंच काहीतरी होतं. तुम्ही निवांत मोजायला बसलात तर जे मोजायचं तेच उरलेलं नसतं. म्हणून घाई करायची. पाणी थंड ठेवायचं, थोडाच वेळ हलवायचं, लगेच गाळायचं, गाळलेलं लगेच दुसऱ्या द्रावणात ओढून घ्यायचं, तिथं ती मोडत नाही. मग यंत्रावर आकडा. असे थोड्या थोड्या वेळाचे आकडे काढायचे आणि रेघ मागे ओढत न्यायची, मोडायला सुरुवात व्हायच्या क्षणापर्यंत.

हे सगळं मी करत होते. बर्फात करत होते. श्वास रोखून करत होते. तरी आकडा खाली. आणि खाली तरी एकसारखा खाली असावा की नाही? आज इतका, उद्या भलताच. बाटलीतल्या पाण्याचा पीएच बघितला, ठीक. पावडर नवीन घेतली, तरी तेच.

मग मी स्वतःला तपासायला लागले. खरी नामुष्की ती हसण्याची नव्हती, ही होती. मी हात धुवायला लागले. काम सुरू करायच्या आधी, मधे, नंतर. साबणानं, स्पिरिटनं. हातमोजे घालून परत हात धुवायचे. कातडी फाटली. एकदा गाडीत बसल्यावर मी ओढणीआड हात नाकाशी नेऊन वास घेतला. काही येतो का बघितलं. एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई मी, आणि मी माझ्या हाताचा वास घेत होते. सरांनी एवढंच करून ठेवलं होतं माझं.

पौर्णिमेनंतरच्या एका मंगळवारी गाडीची वेळ बदलली आणि मी रोजच्यापेक्षा लवकर पोचले. पुढचं दार बंद, म्हणून मागून गेले. मागच्या मोरीत मामा निळ्या टबापुढं बसले होते. टबात फ्लास्क. फ्लास्कच्या गळ्याला मी बांधलेला हिरवा दोरा. आदल्या संध्याकाळी डिस्टिल्ड पाण्यानं स्वतः धुऊन, पालथे घालून गेलेले माझे फ्लास्क. शेजारी धुण्याच्या सोड्याची पिशवी उघडी.

"मामा, हे काय करायलाव?"

मामा दचकले. "भांडे धुवायलोय."

"माझे? मी धुऊन ठेवले होते की."

"तू धुतेस गं. पर सरांनी सांगितलंय. तुझे भांडे सगळ्यांच्या कपाटात ठेवायच्या आधी सोड्यानं धून घ्यायचे. येगळ्या टबात. तू लागलीस तवापासून हाय हे."

"का?"

मामा टबाकडं बघत राहिले. "आता का म्हणून इचारायलीस? तुला ठावं न्हाई का?"

मला हसू आलं. खोटं सांगत नाही. पहिल्यांदा हसूच आलं, आनंदाचं. माझा हात चांगला होता! एवढे महिने ज्या हाताला मी शिव्या दिल्या तो हात बरोबर काम करत होता. हसू ओसरलं तेव्हा खाली जे उरलं होतं ते मी आजवर विझू दिलेलं नाही.

मामांनी धुऊन पालथा घातलेला एक फ्लास्क मी आत नेला. मामा माझे फ्लास्क कधी नीट खळबळायचे, कधी नाही, आणि खळबळायचे तेही बोअरच्या पाण्यानं. काचेला आतून पुसट पांढुरका थर, काच कोरडी असताना उजेडात धरली तरच दिसणारा. त्यात डिस्टिल्ड पाणी घातलं आणि फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब सोडले. दहावीतलं पोरगंही सांगेल, अल्कली असली की ते गुलाबी होतं. गुलाबी झालं, भडक. ऋतुजाच्या फ्लास्कमध्ये तसंच केलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

आणि ही भुकटी अल्कलीत किती वेळ टिकते? चहा गाळून होईपर्यंतही नाही. मी तिला बर्फाच्या पाण्यात जपत होते आणि भांडंच तिला खात होतं. यांनी विटाळ धुवायला सोडा लावला आणि त्या सोड्यानं प्रयोग नासला. वर खापर माझ्या पिढ्यांवर.

मी त्या दिवशी कुणाला काही बोलले नाही. रडतही बसले नाही. रडले असते तर सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला असता, खांद्यावर हात ठेवला असता आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. मला मिटवायचं नव्हतं. मला त्यांना त्यांच्याच टेबलापाशी, त्यांच्याच माणसांसमोर उघडं करायचं होतं. बदला हवा होता. हा शब्द वापरताना मला लाज वाटत नाही.

पुढच्या बैठकीत मी मान खाली घालून म्हणाले, "सर, माझ्याच्यानं होत नाही. एकदा तुम्ही करून दाखवता का? मी बघून शिकते."

सर खुलले. करून दाखवायची त्यांना भारी हौस. कोट काढला, बाह्या दुमडल्या. मामांनी धुतलेले माझे फ्लास्क मी त्यांच्यापुढं मांडले आणि मागे झाले. कशालाही हात लावला नाही. सगळे विद्यार्थी उभे, मामा दारात. सरांनी भुकटी तोलली, पाणी ओतलं, बर्फात हलवलं, गाळलं. हात सराईत होता, नाही म्हणणार नाही. यंत्रानं आकडा दिला.

माझ्यापेक्षाही खाली.

सरांनी परत केलं. परत खाली. कपाळावर घाम आला. ऋतुजा माझ्याकडं बघायला लागली.

"सर," मी म्हणाले, "पावडर तीच. पाणी तेच. पद्धत तुमची. हातही तुमचाच."

कुणी हसलं नाही. मी ड्रॉपर घेतला आणि उरलेल्या फ्लास्कांमध्ये पाणी घालून थेंब सोडत गेले. एकेक करून सगळे गुलाबी. कपाटातले दुसऱ्यांचे काढले, त्यात सोडले. स्वच्छ.

सरांना समजायला क्षण लागला नाही, तेवढे हुशार आहेत. आणि समजल्याबरोबर त्यांनी काय केलं? मामांवर ओरडले. "भांडी धड धुता येत नाहीत तुम्हाला? पगार कशाचा घेता?"

मामा गरीब माणूस, आयुष्यभर हो साहेब म्हणत आलेला. पण आळ त्याच्या भाकरीवर आला होता.

"साहेब, तुमीच म्हणले व्हते. हिचे भांडे येगळे घ्या, सोड्यानं धुवा, मंग कपाटात ठेवा. मी काय माझ्या मनानं धुतो का?"

सर कोट न घालताच केबिनमध्ये गेले. तो त्यांचा चेहरा मला आजही बघावा वाटतो तेव्हा मी डोळे मिटून बघते. मामांबद्दल विचाराल तर मला त्यांची कीव आली नाही. तेही रोज माझी भांडी वेगळ्या टबात घालत होते आणि रोज मला "चहा घेतीस का पोरी" म्हणत होते.

पुढच्या आठवड्यात माझ्या हातांनी, कोऱ्या भांड्यांत आकडा आला. बरोबर आला. एकदा नाही, दर वेळी. मी प्रबंध लिहायला घेतला.

आधीचे आकडे का टाकून दिले त्याचं कारण प्रबंधात द्यावं लागतं. मी दिलं. प्रबंध इंग्रजीत, पण वाक्याचा अर्थ सांगते: 'विद्यार्थिनीच्या जातीमुळे तिची काचेची भांडी मार्गदर्शकांच्या सूचनेवरून वेगळी, धुण्याच्या सोड्याने धुतली जात, भांड्यांत राहिलेल्या सोड्यामुळे पदार्थ मोजण्याआधीच मोडत होता.' बस. शिवी नाही, रडगाणं नाही. कारण आणि परिणाम, सरांनीच शिकवल्याप्रमाणे.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला. काचेच्या कपात, त्यांच्या स्वतःच्या सेटमधल्या.

"गैरसमज झाला बघ तुझा," ते म्हणाले. "मी स्वच्छतेसाठी म्हणालो होतो. मामांनी भलताच अर्थ काढला."

मी चहाला हात लावला नाही.

"काम उत्तम झालंय. पेपरवर तुझं नाव पहिलं टाकू. नोकरीसाठी दोन ठिकाणी मी शब्द टाकतो. फक्त हे एवढं." त्यांनी पान माझ्याकडं सरकवलं. माझं वाक्य लाल शाईनं खोडलं होतं. वर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीची भांडी अस्वच्छ असल्याने आकडे कमी आले.'

अस्वच्छ. सगळं कळूनसवरून, सगळ्यांसमोर उघडे पडूनसुद्धा, शेवटी अस्वच्छ मीच. आणि तेही माझ्याच प्रबंधात, माझ्याच नावाखाली छापून, कॉलेजच्या लायब्ररीत कायमचं ठेवायला.

"सर, भांडी स्वच्छच होती," मी म्हणाले. "घाण तुम्ही घातली."

"मग सही विसर."

चहा तसाच ठेवून मी निघून आले.

घरी बा म्हणाला, "खोड की ते येक वाक्य. येकदा डिग्री हातात येऊ दे, मंग बोल काय बोलायचं ते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नाई."

बाचं चूक नाही. तो जन्मभर रुळावर उभा राहून साहेबाच्या ट्रॉलीला सलाम ठोकत आला. मी म्हणाले, "बा, डिग्री आल्यावर कुणी बोलत न्हाई. समदे डिग्रीच सांभाळत बसतात."

दुसऱ्या दिवशी बा पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर आला, रेल्वेचा ड्रेस घालून. ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवायला त्यांनी आम्हाला दिवसभर बसवलं, पण नोंदवली. ऋतुजानं साक्ष द्यायला नकार दिला. तिची सही अजून व्हायची आहे. मामांनी दिली.

आता सरांचे निरोप येतात. कधी कुणी प्राध्यापक, कधी गावचा कुणी पुढारी. सर माफी मागायला तयार आहेत म्हणे, चार माणसांत, तू तक्रार मागं घे. मला माफी नको. माफी मागून माणूस मोकळा होतो, आणि त्यांना मोकळं करायची माझी इच्छा नाही. वर्ष जाईल, दोन जातील. मार्गदर्शक बदलून देतो म्हणतात, तेही नको. मला याच माणसाची सही हवी आहे, त्याच पानावर, त्या वाक्यातला एक शब्द न हलवता. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतील. खोलीत सर बसलेले असतील, नियमानं त्यांना बसावंच लागतं. कुणीतरी विचारेल, आधीचे आकडे का टाकले. मी पान उघडीन आणि सरांकडं बघून म्हणेन, "सर, तुम्ही वाचा."