उजवा खांदा

माझा उजवा खांदा दुखावलेला आहे, हे सोलापूरच्या आमच्या वॉटरपोलो संघात माझ्या एका मित्रालाच ठाऊक होतं. सरावानंतर तलावाच्या पायरीवर बसून तोच माझा खांदा चोळून द्यायचा. पुढे नोकरीमुळे तो पुण्याच्या संघात गेला. राज्य स्पर्धेत आमची गाठ पडली, तेव्हा पंचांना दिसू न देता पाण्याखाली त्याने तोच खांदा पिरगळला. माझं खेळणं तिथेच संपलं. नंतर भेटला की तो घरच्यांची चौकशी करायचा, खांद्याची कधी केली नाही.

गेल्या महिन्यात तो वारला. त्याच्या घरी भिंतीवरच्या त्याच्या फोटोला मी डाव्या हाताने हार घालू लागलो.

“उजव्या हातानं घाल की रे,” त्याची आई म्हणाली.

“तो वर जात नाही, काकू.”

“असं व्हय? मला कधी बोलला न्हाय त्यो.”