कालिंदीबाईंचे कुंकू वाढले

फणसवाडीतल्या एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर एक दार असे आहे, की त्याच्या उंबऱ्याशी पोहोचण्याआधीच हळदीचा आणि लिंबाचा मिसळलेला वास येणाऱ्याला नमस्कार करतो. दार कालिंदीबाई केळुसकरांचे. बाईंचे वय सदुसष्ट, बांधा बारीक, आवाज खणखणीत. दोन्ही तळहात कायमचे पिवळे. हात जोडून देवापुढे उभ्या राहिल्या, की वेगळे फूल वाहायची गरज वाटू नये.

बाई कुंकू करतात. विकत आणून डबीत भरत नाहीत, करतात. हळकुंडे निवडायची, लिंबाच्या रसात तुरटी आणि टंकणखार घालून त्यात ती भिजवायची, रस मुरला की गॅलरीत सावलीला पसरायची. ऊन लागता कामा नये, वारा लागलाच पाहिजे. असे बारा दिवस गेले म्हणजे पिवळ्याचे हळूहळू तांबडे होते. मग कुटायचे, मग वस्त्रगाळ करायचे. कुटताना ओठांवर नाम, चाळताना ओठांवर नाम, आणि दोन नामांच्या मधल्या फटीत यजमानांना सूचना. यजमान वसंतराव एके काळी परळच्या गिरणीच्या हपिसात कारकून होते. आता लिंबे पिळतात. तिथे साहेब होता, इथे साहेबीण आहे, एवढाच फरक, असे ते स्वतःच सांगतात.

बाईंचे कुंकू आधी तोंडोतोंडी खपे. माहेरवाशीण आली की डबी घेऊन जाई, ती डबी पाहून तिची जाऊ येई. दोन वर्षांपूर्वी घरात सून आली, आणि तोंडाच्या जोडीला फोन आला. सून मृणालिनी, दादरची मुलगी, लोअर परळला एका कंपनीत कामाला. नवरा अनिश जहाजावर, सहा महिने पाण्यात आणि सहा महिने घरात. मृणालिनीने पहिल्याच दिवाळीत सासूसासऱ्यांना टपाली पत्ते हाताने लिहिताना पाहिले. एक दुपार जाई, आणि वसंतरावांच्या वळणदार अक्षरातला 'ठाणे' कुरिअरवाल्याला 'पुणे' वाटे. तिने व्हॉट्सॲपवर डब्यांची यादी मांडली, ऑर्डर घेणारे पान उघडले, पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापणारे तळहाताएवढे यंत्र आणले. जिथे दुपार जाई तिथे वीस मिनिटे जाऊ लागली. बाईंनी त्या यंत्राला हळदीकुंकू वाहिले आणि त्याचे नाव 'छापखाना' ठेवले. त्या यंत्रालाही रोज संध्याकाळी उदबत्ती दाखवली जाई.

मग आला साठ्याचा तक्ता. घरी येऊन किती डब्या कोण घेऊन गेले, सामान काय उरले, हे सुनेला कचेरीत बसल्या बसल्या कळावे, म्हणजे पानावर तेवढ्याच ऑर्डरी घेता येतील, अशी योजना. बाईंना फोनवर बोटांनी लिहिणे जमेना. बोलणे मात्र परमेश्वराने त्यांना भरभरून दिलेले. तेव्हा मृणालिनीने अशी सोय केली, की बाईंनी रोज दुपारी फोनवर बोलून ठेवायचे, एका ॲपने ते ऐकून अक्षरात उतरवायचे आणि अर्थ लावून तक्त्यात आकडे भरायचे. आठवडाभर तिने पडताळून पाहिले. बाई म्हणाल्या तुरटी संपली, तक्त्यात तुरटी शून्य. बाई म्हणाल्या लिंबे संपत आली, तक्त्यात लिंबांवर इशाऱ्याचा तांबडा रंग. मृणालिनी निश्चिंत झाली, आणि ते बोलणे स्वतः ऐकणे तिने सोडून दिले.

आता इथे एक शब्द जरा थांबून न्याहाळला पाहिजे. मराठी घरात कुंकू कधी संपत नाही. दिवा विझत नाही, बांगडी फुटत नाही, मंगळसूत्र तुटत नाही. या मंगल वस्तूंच्या वाऱ्यालाही अभद्र शब्द उभा राहू नये, म्हणून आपल्या आज्यापणज्यांनी त्या सगळ्यांसाठी एकच गोड शब्द राखून ठेवला: वाढले. दिवा वाढवला. बांगडी वाढली. कुंकू वाढले. डबी रिकामी झाली, तरी जीभ भरलेलीच राहिली. केवढे हे प्रेम, केवढी ही काळजी, की रितेपणालाही भरलेपणाचे नाव द्यावे.

तुरटीला आणि लिंबांना बाई सरळ 'संपलं' म्हणत. कुंकवाला उभ्या जन्मात म्हणाल्या नव्हत्या, यंत्रापुढे तरी कशा म्हणतील? संक्रांत झाली, हळदीकुंकवाचे दिवस सुरू झाले, चाळीतल्या, वाडीतल्या, ठाकूरद्वारच्या बायका येऊन डब्या नेऊ लागल्या, आणि बाई रोज दुपारी इमानेइतबारे बोलत राहिल्या. आज सहा डब्या वाढल्या. आज अकरा वाढल्या. आज तर पुष्कळच वाढल्या, पंचवीस.

ॲपला मराठी येत होते, पण ते मराठी घरात वाढलेले नव्हते. त्याने सहा मिळवले, अकरा मिळवले, पंचवीस मिळवले. जितक्या डब्या घराबाहेर जात, तितक्या तक्त्यात शिरत.

रथसप्तमीला सहा दिवस उरले असताना, रविवारी सकाळी मृणालिनीने छापखाना सुरू केला. पानावर जमलेल्या ऑर्डरी सोमवारी रवाना व्हायच्या होत्या. अठ्ठ्याहत्तर घरे, प्रत्येक घरी हळदीकुंकवासाठी एकेक डबी. चिठ्ठ्यांची माळ सरसर जमिनीवर उतरली. तिने सासूबाईंना डब्या काढायला सांगितले. बाईंनी कपाट उघडले आणि फडताळावरच्या डब्या एकेक करून चटईवर मांडल्या. चौदा झाल्या आणि फडताळ मोकळे झाले.

"बाकीच्या कुठे ठेवल्यात, आई?"

"बाकीच्या कुठल्या? मी रोज सांगत नव्हते काय गो तुझ्या फोनाक? वाढल्या, वाढल्या म्हणून?"

मृणालिनीने तक्ता उघडला. तिथे दोनशे बारा डब्या होत्या. तिने तो आकडा पाहिला, मग चौदा डब्या पाहिल्या, आणि चटईवर बसून त्या पुन्हा एकदा मोजल्या. शब्द तिला ठाऊक होता. तिची आई हाच शब्द बोलते, दादरच्या घरी तीही हाच बोलत वाढली. एक दुपार, एकच दुपार तिने स्वतःच्या कानांनी ऐकले असते तर तिथल्या तिथे कळले असते. तीन आठवड्यांत तिने एकदाही ऐकले नव्हते.

नवे कुंकू करायला बारा दिवस, हातात सहा. कुंकू घाईला वश होत नाही. सूर्यदेव काही कुणासाठी सप्तमी पुढे ढकलणार नव्हते. अठ्ठ्याहत्तर सुवासिनींनी एका नावावर विश्वास टाकून आमंत्रणे दिली होती, आणि त्या नावाची माणसे चटईवर बसून चौदा डब्यांकडे बघत होती.

तेवढ्यात दुसऱ्या माळ्यावरचे हितेंद्रभाई आले. भुलेश्वरला त्यांचे पूजासाहित्याचे दुकान, माणूस सज्जन आणि शेजार तीस वर्षांचा. त्यांनी सगळे ऐकले, चटईवरच्या डब्या पाहिल्या आणि उपाय सांगितला. "काकी, टेन्शन कशाला घेता? दोन किलो लाल पावडर पाठवतो, एकदम फर्स्ट क्लास. डबी तुमची, दोन थेंब लिंबू मारा, झालं. कपाळाला काय कळते?"

मृणालिनीने मान वर केली. पानावर केळुसकरांच्या कुंकवाला पाचपैकी चार पूर्णांक आठ तारे होते, ते तिने एकेक करून मिळवले होते. ती हळूच म्हणाली, की एकदाच, आई, फक्त या वेळी.

बाई सुनेवर रागावल्या नाहीत. त्यांनी हितेंद्रभाईंपुढे चहाचा कप ठेवला आणि विचारले, "हितेंद्रभाई, तुमच्या घरी देवीला कुठलं कुंकू?"

हितेंद्रभाईंनी कप उचलला, फुंकर मारली, कप पुन्हा खाली ठेवला. "तुमचंच."

"दुकानात दोन पोती असून?"

यावर हितेंद्रभाईंनी चहा पिण्याचे काम अतिशय मन लावून केले, आणि पावडरीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण नाही म्हणून झाले, तरी अठ्ठ्याहत्तर घरे आपल्या जागी उभीच होती. त्या बायका बोट बुडवणार कशात, हा एकच प्रश्न बाई फिरून फिरून विचारत राहिल्या. वसंतराव कोपऱ्यात लिंबे पिळत होते. साहेबिणीने विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती, तरी या वेळी बोलले. "बोट बुडवायला डबी कशाला लागते? चिमूट लागते."

मग त्यांनी चिठ्ठ्यांच्या पाठीवर कारकुनी हाताने हिशेब मांडला. डबी पन्नास ग्रॅमची. चौदा डब्यांचे सातशे ग्रॅम. घरटी नऊ ग्रॅमची पुडी केली, तर अठ्ठ्याहत्तरांना मिळून दोन ग्रॅम कमी पडतील, ते डब्यांच्या कडा खरवडून काढता येतील. नऊ ग्रॅमांत शंभर कपाळे सहज निघतात. डबी मागाहून द्यावी. चैत्रगौर आहेच, तेव्हा पुन्हा महिनाभर घरोघर हळदीकुंकू आहेच.

बाईंनी यजमानांकडे असे पाहिले, जसे चाळीस वर्षांत क्वचितच पाहिले असेल. वसंतराव घाईने पुढच्या लिंबाकडे वळले.

आधी गिऱ्हाइकांना विचारायला हवे होते. मृणालिनीने सगळ्यांना एकदम पाठवायचा निरोप लिहून काढला. त्याची सुरुवात 'तांत्रिक अडचणीमुळे' अशी होती. बाईंनी तो वाचून घेतला आणि मान हलवली. तंत्राने जे ऐकले ते भरले, त्याच्या माथी कशाला मारायचे? त्यांनी फोन जवळ ओढला आणि स्वतः बोलल्या.

"बायांनो, मी फणसवाडीची कालिंदी केळुसकर. माझ्या घरचं कुंकू वाढलंय, आणि ते तुम्हाला वेळेवर कळवायचं चुकलं. नवं करायला बारा दिवस लागतात. बाजारातलं आणून माझ्या डबीत भरणार नाही. आत्ता हळदीकुंकवापुरती पुडी पाठवते, डबी चैत्रात. नको असेल तिने पैसे परत मागावेत. रागावू नका, आणि रागावलात तर माझ्यावर रागवा."

मृणालिनी म्हणाली, की चूक तर माझी होती, तुम्ही स्वतःवर का घेतलीत. बाई म्हणाल्या, घरातली चूक आहे गो, ती बाहेर वाटण्या करून दाखवायची नसते.

निरोप एका क्षणात अठ्ठ्याहत्तर घरी पोहोचला. हे काम हातांनी करायचे तर सप्तमी उलटून गेली असती. तिन्हीसांजेपर्यंत उत्तरे आली, आणि फोननेच त्यांचे ढीग लावून दिले. अडुसष्ट जणींना पुडी चालणार होती. त्यांतल्या कितीतरी जणींनी नुसते लिहिले, 'वाढलंय ना, मग काय करणार'. नऊ जणींनी पैसे परत मागितले, त्यांतल्या एकीने वर एकच तारा देऊन ठेवला. उरली एक. लालबागच्या मीराबाई. त्यांची मसाला कांडपाची गिरणी, आवाजातही मिरची. त्यांनी बोलूनच उत्तर पाठवले होते.

"आमच्याकडे मिरची संपली, की मी दाराला पाटी लावते. तुम्ही पाटी न लावता ऑर्डर घेतलीत. मला पुडी नको आणि पैसेही नकोत. चैत्रात स्वतः येऊन बघेन."

बाईंनी ते दोनदा ऐकले. बोलली ते खरे बोलली, एवढेच त्या म्हणाल्या.

सोमवारी मृणालिनीने रजा टाकली. वसंतराव स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत, बाई नाम घेत पुड्या बांधत, मृणालिनी पत्ते चिकटवत. पुड्या सत्याहत्तर झाल्या, कारण पैसे परत घेणाऱ्या नऊजणींनाही बाईंनी सोडले नाही. मृणालिनीने विचारले, पैसेही परत आणि पुडीही? बाईंनी विचारले, हळदीकुंकू तर त्यांच्याकडेही आहे ना? अडीच तासांत सगळे आटोपले, आणि कुरिअरवाला खालच्या फाटकातून पिशव्या घेऊन गेला.

त्या आठवड्यात मृणालिनीने ॲपला धडा दिला, की 'वाढलं' म्हणजे संपलं. ॲप फार आज्ञाधारक निघाले. दुसऱ्याच दुपारी बाई बोलल्या, की हळदीचा भाव वाढला, आणि तक्त्यात नोंद झाली, हळदीचा भाव संपला. वसंतराव म्हणाले, हे असंच राहू दे, देव करो आणि खरं होवो.

मृणालिनी पोट धरून हसली आणि मग तिने कामाची नवी वाटणी केली. पत्ते, पावत्या, निरोप, उत्तरांचे ढीग, हे सारे यंत्राकडे. गॅलरीत हळकुंडे पसरली, की त्यांचा फोटो पानावर जाई, आणि परातीत जेवढे, तेवढ्याच ऑर्डरी घेतल्या जात. तेवढ्या भरल्या, की पान आपोआप मिटे आणि वर अक्षरे येत, 'कुंकू वाढले आहे'. ते वाचून ज्यांना कळे त्या थांबत, ज्यांना न कळे त्या फोन करून विचारत, आणि मग बाईंशी बोलून गिऱ्हाईक होऊनच फोन ठेवत. दुपारचे बोलणे मात्र मृणालिनी जेवणाच्या सुट्टीत स्वतः ऐके. बाईंना हे कळल्यापासून त्या बोलण्यात डब्या कमी आणि बाकीचे जास्त येऊ लागले. डब्यातली भाजी खाल्लीस काय, तुझ्या त्या मैत्रिणीच्या साखरपुड्याला काय नेसणार, अनिशचा फोन आला होता, आवाज बसलाय त्याचा. मृणालिनी कचेरीच्या खिडकीशी उभी राहून ते शेवटपर्यंत ऐके.

चैत्र आला. अडुसष्ट डब्या कुरिअरने गेल्या. एकोणसत्तरावी बाईंनी देव्हाऱ्यापाशी ठेवली होती.

मीराबाई आल्या त्या दुपारी चारला, जिना चढून धापा टाकत, खोकत, न बोलावता. त्यांनी आधी गॅलरी पाहिली. सावलीत पसरलेली हळकुंडे बोटांनी परतून पाहिली, एक मोडून आतला रंग पाहिला. उखळ पाहिले, गाळायचे धडपे उजेडात धरून पाहिले. दिवसभर मिरच्यांत वावरणारी ती बाई, त्या वासापुढे तिचे खोकणे थांबले. कालिंदीबाई काही समजावत बसल्या नाहीत, की काही लपवलेही नाही. मृणालिनीने पन्हे आणि कैरीची डाळ आणून ठेवली.

"पाटी लावलीत म्हणे," मीराबाई पाटावर टेकत म्हणाल्या.

"लावली. तुमच्याकडून शिकले."

मीराबाईंनी डाळ खाल्ली. मीठ जरा कमी आहे, म्हणाल्या. मग पदर सारखा करून त्यांनी कपाळ पुढे केले. बाईंनी देव्हाऱ्यापाशी ठेवलेली डबी उघडली, बोट बुडवले आणि कुंकू लावले, आणि झाकण लावून डबी त्यांच्या ओंजळीत दिली. मृणालिनीने फोन काढून त्या शेवटच्या ऑर्डरपुढे 'पोहोचले' अशी खूण केली.