डुकराच्या प्रकरणाला कुणी हसलं नाही

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर एक विनोदी कादंबरी लिहिली. मराठीत, आणि घडते कुठे, तर इंग्लंडच्या खेड्यातल्या एका पबमध्ये! अमेरिकेत यायच्या आधी हे तिकडे नोकरीला होते आणि त्या पबच्या माडीवर भाड्यानं राहायचे. स्वतः थेंबाला शिवले नाहीत, पण खालचा सगळा तमाशा ऐकत बसायचे. पहिल्यांदा वाचताना मला हसून ठसका लागला होता, अगदी खरं सांगते.

मग पार्किन्सन्स आला. चेहऱ्यावरची रेघ हलेना, आवाज बसत चालला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज फार दिवस टिकायचा नाही. ह्यांचा एकच हट्ट, "एकदा चार माणसांना वाचून दाखवू दे गं. हसलेली ऐकायचीत मला."

इथं पिस्कॅटवे गावातल्या आमच्या मराठी वाचन मंडळाला मी फोन केला. शनिवारी दुपारी मंडळी आमच्या बेसमेंटमध्ये आली ती शाल आणि नारळ घेऊन! मेली हौस सत्काराची. माणूस आजारी दिसला की ह्या लोकांना शाल सुचते. समई लावली, भाषणं झाली, एका काकूंनी डोळे पुसले. अंगावर शाल, थरथरत्या मांडीवर नारळ, अशा थाटात हे वाचायला लागले. पाद्र्याचं डुक्कर पबमध्ये शिरतं, बिअर ढोसून आडवं होतं, आणि ते मेलं असं समजून पाद्री गुडघे टेकून प्रार्थना म्हणतो, तर ते घोरायला लागतं, ते प्रकरण. समोर सगळे माना खाली घालून बसलेले. अहो, कीर्तनालासुद्धा लोक याहून जास्त हसतात!

माझं डोकंच फिरलं. "विनोदी आहे ते! हसा की जरा!" मी ओरडले.

तेव्हा सगळे एकदम हसले, अगदी शहाण्या मुलांसारखे. नेमके हे तोवर पुढं सरकून पबमालकाची बायको वारल्याचं वाचत होते.

हे थांबले. खांदे गदगदा हलायला लागले, नारळ गडगडत खाली गेला. मला लगेच कळलं, हे हसताहेत. चेहऱ्यावर काही नाही, आवाज नाही, पण पार पोटातून हसताहेत. बाकीच्यांना वाटलं, ॲटॅक आला. मंडळातल्याच एका डॉक्टरांनी धावत येऊन पाठीत थापा मारल्या, नाडी धरली आणि म्हणाले, "वहिनी, आता वाचन पुरे."

"अहो डॉक्टर, हसताहेत ते!"

माझं कोण ऐकतंय! कुणीतरी ह्यांच्या हातातले कागद काढून घेतले. मंडळी दबक्या पावलांनी वर जेवायला गेली.

नंतर आवाज गेलाच. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं. आता दुपारी मीच ते ह्यांना वाचून दाखवते आणि हसायच्या जागा आल्या की मोठ्यानं हसते. इतक्यांदा वाचल्यावर खरं हसू येत नाही हो. आणि माझं खोटं हसू ह्यांना लग्न झाल्यापासून ओळखता येतं.